मानोऱ्याच्या मेंढ्यांना औषध पाजायला

एकतीस वर्षं मी पुण्यात जनावरांच्या रोगनिदान प्रयोगशाळेत लॅब टेक्निशियन होते. माझ्या टेबलावर प्लास्टिकच्या डबीतून मेंढ्यांच्या लेंड्या यायच्या, डबीवर चिठ्ठी चिकटवलेली. मी त्या पाण्यात कालवायची, गाळायची, सूक्ष्मदर्शकाखाली बघायची आणि कोणत्या जंताची अंडी आहेत ते लिहून द्यायची. मेंढी स्वतः कधी आली नाही. ती बरी झाली की मेली, हेही कोणी कळवलं नाही.

निवृत्त झाल्यावर माझ्या मैत्रिणी काश्मीरला गेल्या. मला वाशिम जिल्ह्यातून फोन आला. माझी भाची वैदेही सहा महिन्यांपूर्वी मानोऱ्याला जनावरांची डॉक्टर म्हणून रुजू झाली होती.

"आत्या, तुझा सूक्ष्मदर्शक अजून चालतो का?"

"माझ्यापेक्षा बरा चालतो."

"मग दोघंही या."

गुरुवार, मानोरा

कारंज्याहून मानोऱ्याच्या बसमध्ये बसले तेव्हा बस पोहरादेवीला जाणाऱ्या बायकांनी भरलेली होती. नारळ, हार, डबे. सूक्ष्मदर्शक स्वेटरमध्ये गुंडाळून मी मांडीवर घेतला होता. शेजारच्या आजींनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"देव हाये का वं बाई?"

"नाही, मशीन आहे."

"कायचं?"

"लेंड्या बघायचं."

आजींनी विचार केला आणि प्रसादाची पिशवी उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली. पुढचा सगळा रस्ता त्या माझ्याशी अतिशय प्रेमानं बोलल्या, पण पिशवी तिकडेच राहिली.

वैदेही एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. घरमालकीणबाईंनी माझ्यासाठी तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी आणि भाकरी पाठवली. भाजी इतकी तिखट होती, की पहिल्या घासानंतर वैदेही काय सांगत होती ते मला ऐकू येईना. दुसऱ्यांदा सांगितलं ते असं:

गावापासून काही अंतरावर एक तलाव आहे. त्याच्या काठाला किसनभाऊ नावाचे धनगर आणि त्यांची बायको सुभद्राबाई एकशेचाळीस मेंढ्या घेऊन आहेत. सोयाबीन निघालेल्या रानात शेतकरी त्यांच्या मेंढ्या बसवून घेतात, म्हणजे मेंढ्या तिथे मुक्काम करतात आणि रानाला खत मिळतं. दसऱ्यापासून त्यातल्या नऊ मेल्या. आणखी वीसपंचवीस सुकत चालल्या आहेत. वैदेहीला शंका होती ती पर्णकृमीची. हा पानासारखा चपटा किडा मेंढीच्या काळजात, म्हणजे यकृतात, राहतो आणि आतून पोखरतो.

"मग औषध पाज."

"पाजू देत नाहीत. मी तीनदा जाऊन आले. चहा पाजतात, जेवायला घालतात, आणि नाही म्हणतात."

"का?"

"मागच्या वर्षी बाजारातून जंताचं औषध आणून पाजलं होतं. चार मेंढ्या आंधळ्या झाल्या."

मी भाकरी खाली ठेवली. असं होऊ शकतं. पर्णकृमीवरचं एक औषध आहे, चांगलं आहे, पण मात्रा फार जास्त झाली तर डोळे जातात.

"दुकानदारानं मात्रा चुकीची सांगितली का?"

"मी जाऊन विचारलं. बरोबर सांगितली होती. मेंढीला एक झाकण, एकदाच. किसनभाऊही तेच सांगतात. म्हणून तर मला कळत नाही."

शुक्रवार, तलावाकाठी

सकाळी वैदेहीच्या मोटारसायकलवर मागे बसून गेले. दोन्ही बाजूंना तूर उभी, शेंगा भरत आलेल्या, अधूनमधून कपाशी फुटलेली. सोयाबीनची रानं मोकळी पिवळी पडलेली. तलावाचं पाणी मात्र मागे सरकत होतं आणि सरकताना काठाला ओल्या हिरव्या गवताचं कडं सोडत होतं. बाकी सगळं वाळलेलं आणि तेवढंच हिरवं. मी मेंढी असते तर तिथेच गेले असते.

किसनभाऊ साठीचे, उंच, डोक्याला टॉवेल. सुभद्राबाई ठेंगण्या आणि सतत काहीतरी करत असलेल्या. पुण्यात पाहुण्याला "चहा घेणार का?" असं विचारतात, म्हणजे त्याला नाही म्हणायची सोय राहते. इथे विचारत नाहीत. मी बसायच्या आत कप हातात होता.

"ह्या माझ्या आत्या," वैदेही म्हणाली. "पुण्याहून आल्यात. लेंड्या तपासतात."

किसनभाऊंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "इतक्या दुरून? पुन्यात लेंड्या नाई का?"

"तिथे डबीतूनच येतात."

"इथीसा मोप हायेत. घ्या लागन तेवढ्या."

पण औषधाचा विषय निघाला की ते तलावाकडे बघत. चिडत नसत, वाद घालत नसत. नुसतं बघत.

वैदेहीनं एक मेंढी धरून मला दाखवली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी मेंढीला हात लावला. लोकर अपेक्षेपेक्षा तेलकट होती. वैदेहीनं पापणी उलटली. आत लाल दिसायला हवं तिथे चुन्यासारखं पांढरं. जबड्याखाली मऊ पिशवी लोंबत होती.

"गयाखाली पानी उतरलं की आठ-पंधरा दिसात जाते," किसनभाऊ म्हणाले. ते मेंढीकडे बघत नव्हते.

कळपाच्या कडेला चार मेंढ्या वेगळ्या चालत होत्या. प्रत्येकीनं आपला गाल दुसऱ्या कुठल्या तरी मेंढीच्या पाठीला टेकवला होता. ती थांबली की ही थांबे. डोळे उघडे, स्वच्छ, आणि कुठेच न बघणारे. सुभद्राबाई त्यांना तुरीचा पाला हातानं भरवत होत्या. दुसऱ्या कोणी त्या केव्हाच विकल्या असत्या. आम्ही बघतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी आमच्याकडे पाठ केली.

मी दहा मेंढ्यांच्या लेंड्या घेतल्या. दुपारी वैदेहीच्या ओट्यावर त्या कुटल्या, पाण्यात कालवल्या आणि गाळून उंच पेल्यात ठेवल्या. या किड्याची अंडी जड असतात, तळाला बसतात. वरचं पाणी ओतून पुन्हा नवं घालायचं, असं तीनचारदा. माझी गाळणी पुण्यात राहिली होती, म्हणून चहाची वापरली. मग निळ्या रंगाचा थेंब टाकला. बाकी सगळं निळं झालं आणि अंडी तशीच सोनेरी राहिली, एका टोकाला झाकण असलेली. दहापैकी नऊ काचांवर ती होती.

मी गाळणी धुऊन वाळत ठेवली. थोड्या वेळानं घरमालकीणबाई चहा घेऊन वर आल्या. "माही गायनी तुटली, तुमची घेतली," म्हणाल्या. वैदेहीनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. चहा आम्ही प्यायलो. वैदेहीचं म्हणणं होतं, की गाळणी उकळून निघालीच आहे. माझंही तेच म्हणणं होतं, पण माझं एवढ्या ठामपणे नव्हतं.

शनिवार

सकाळी पोचलो तर दहावी मेंढी मेली होती.

"फाडून बघू का?" वैदेहीनं विचारलं.

किसनभाऊंनी होकारार्थी मान हलवली.

बाभळीखाली वैदेहीनं पोट उघडलं. काळीज कडक आणि खडबडीत झालं होतं. तिनं ते कापून दाबलं तेव्हा नळ्यांमधून किडे बाहेर आले, करड्या रंगाचे, पानासारखे, बोटाच्या दोन पेरांएवढे. जिवंत होते. हळूहळू आक्रसत होते. ज्यांची अंडी मी आयुष्यभर मोजली त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं. काय वाटलं असं वैदेहीनं नंतर विचारलं. मला वाटलं होतं ते लहान असतील.

किसनभाऊ उकिडवे बसून बघत होते. "हे सारे एकीच्या पोटात?"

"एकीच्या. आणि हे येतात कुठून ते दाखवते." वैदेही काठाच्या चिखलात गेली आणि बोटाच्या नखाएवढी गोगलगाय घेऊन आली. लेंड्यांमधली अंडी पाण्यात फुटतात, त्यातलं पिल्लू या गोगलगायीत शिरतं, तिच्यात वाढतं, बाहेर पडून काठाच्या गवताला चिकटतं, आणि मेंढी ते गवत खाते. तिनं सगळं नीट समजावलं.

"एवढुशी गोगलगाय एवढ्या मेंढीले मारते?"

"हो."

"पटलं," किसनभाऊ म्हणाले. "आजपासून काठाले नेत नाई. पानी विहिरीचं पाजतो."

"आणि औषध? हे वेगळं औषध आहे, किसनभाऊ. यानं डोळे जात नाहीत. वजन करून पाजू. आतले लहान किडेही यानं मरतात. नाही पाजलं तर गवत बंद करूनही आतले आहेत ते मारतीलच. होळीपर्यंत निम्म्याही राहणार नाहीत."

किसनभाऊंनी ऐकलं. गोगलगाय तळहातावर घेऊन पाहिली. मग ते उठून मेंढीला पुरायला खड्डा खणायला गेले.

 घरी आल्यावर वैदेही म्हणाली, "माणूस मूर्ख असता तर मला इतका राग आला नसता."

रविवार

वैदेहीला एका तांड्यावर म्हैस अडल्याचा निरोप आला. जाताना तिनं मला तलावाकाठी सोडलं, आणखी लेंड्या गोळा करायला. किसनभाऊ मेंढ्या घेऊन दूरच्या माळावर गेले होते. मागे सुभद्राबाई, त्या चार आंधळ्या मेंढ्या आणि मी.

सुभद्राबाई तुरीच्या शेंगा तोडत होत्या. मीही तोडू लागले. तोडता तोडता त्या म्हणाल्या, "तुमच्या मशीनमंदी सारं दिसते का?"

"लेंड्यांतलं दिसतं."

"कोनी काय पाजलं ते दिसते?"

"नाही."

त्यांनी आणखी मूठभर शेंगा तोडल्या. मग खाली बसल्या आणि शेंगांकडे बघत सांगू लागल्या.

"दुकानवाल्यानं एक झाकन सांगतलं होतं, बाई. एकडाव. साऱ्या मेंढ्या एका दिसात कुठी होते? चार दिस लागले. हे धरत होते, मी पाजत होते. ह्या चार घरच्या. ह्यायची माय मेली होती, मी बाटलीनं दूध पाजून वाढवल्या. मले वाटलं, दवा हाये, ताकद येईन. म्हनून रोज सकायी हे उठाच्या आंधी एक एक झाकन ह्यायले देल्लं. चारी दिस."

मी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या.

"आठ दिसानं एक बाभयीले जाऊन धडकली. मंग दुसरी. हे म्हनले, दवा खराब. मी म्हनलं, हो. तवापासून तेच म्हनतो आमी. दवा खराब." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "आता मेंढ्या मरून राह्यल्या अन् हे दवा घेऊ देत नाईत. माह्यामुयं. ज्याईचे लाड केले त्या आंधया झाल्या अन् बाकीच्या माह्या चुपीनं मरून राह्यल्या."

सांत्वन करण्यात मी कच्ची आहे. माझा सगळा जन्म अहवाल लिहिण्यात गेला. म्हणून माझ्याकडे होतं ते मी सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडून दोन डब्यांच्या चिठ्ठ्या एकदा बदलल्या गेल्या होत्या. निरोगी शेळ्यांना औषध गेलं आणि आजारी शेळ्यांना "काही दोष नाही" असा कागद. चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं. मी साहेबांना सांगितलं नाही. त्या शेळ्यांचं काय झालं मला माहीत नाही, कारण मी विचारलं नाही.

सुभद्राबाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. "तुमी तं शिकेल-सवरेल हा."

"हो."

"तरी?"

"तरी."

त्यांनी मांडीवरच्या शेंगा गोळा केल्या. "डॉक्टरीनबाईले तुमी सांगा," म्हणाल्या. "ह्यायले मी सांगतो. पन कवा ते नका इचारू."

संध्याकाळी वैदेहीला सांगितलं. ती म्हशीच्या बाळंतपणानं कोपरापर्यंत माखलेली होती आणि तशीच जिन्यावर बसली. "चार दिवस सलग," ती म्हणाली. "डोळेच गेले हे नशीब." मग बराच वेळ हात धूत राहिली. "उद्या मी काटा आणि औषध घेऊन जाते. नाही म्हणाले तर परत येऊ."

सोमवार

बाभळीच्या फांदीला वैदेहीनं लटकवायचा काटा बांधला. खाली सुभद्राबाईंच्या जुन्या लुगड्याची झोळी. किसनभाऊ मेंढ्या घेऊन तिथेच उभे होते. हो म्हणाले नव्हते, पण मेंढ्या माळावर नेल्याही नव्हत्या.

"ह्या काट्याचा भरोसा काय?" त्यांनी विचारलं.

शेजारच्या शेतातून युरियाची न उघडलेली गोणी आणून लटकवली. गोणीवर लिहिलेलं तेवढंच काट्यानं दाखवलं. मग सगळ्यांचं म्हणणं पडलं, की जिवंत वजनही करून बघावं, आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मी झोळीत बसले. पुण्यातल्या माझ्या वजनापेक्षा इथे तीन किलो जास्त भरलं. काटा बरोबर आहे हे सर्वांनी मान्य केलं. मी प्रवासाचा थकवा धरून मान्य केलं.

पहिली मेंढी झोळीत घातली. वैदेहीनं वजन वाचलं, बाटलीतून पिचकारीत औषध ओढलं, पातळी डोळ्यांसमोर धरून पाहिली.

"थांबा," सुभद्राबाई म्हणाल्या.

त्या किसनभाऊंच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. हात पदरात.

"दवा खराब नोती. मी पाजली, चारींले, चारी दिस. तुमी उठाच्या आंधी."

वैदेही पिचकारी हातात धरून तशीच राहिली. झोळीतली मेंढी गोल फिरत होती.

"मले मालूम हाये," किसनभाऊ म्हणाले.

"काय मालूम हाये?"

"बाटली साऱ्याइले पुरन म्हनून दुकानवाल्यानं देल्ली होती. चौथ्या दिशी रिकामी झाली. बारा मेंढ्या राह्यल्याच. मी काय आंधया हावो का?"

"मंग बोलले काहून नाई?"

"तू बोलली का?"

 किसनभाऊंनी टॉवेल सोडला, झटकला, पुन्हा बांधला.

"डॉक्टरीनबाई आली का इचारते, कोनी पाजली, किती पाजली," ते म्हणाले. मला वाटतं ते आमच्याशीही बोलत होते, पण बघत होते तिच्याकडेच. "दवा आली का ते सारं निंघन. गावात होईन का हिनंच मेंढ्या आंधया केल्या. म्हनून नाई म्हनलो. म्हनलं, मरते तं मरू दे दोनचार. मंग दहा मेल्या." त्यांनी झोळीतल्या मेंढीकडे पाहिलं. "आता निंघालंच हाये. पाजा."

सुभद्राबाई रडू लागल्या. किसनभाऊंनी त्यांचं सांत्वन केलं नाही. त्यांनी झोळी फिरायची थांबवली, मेंढीचं तोंड धरलं आणि वैदेहीला म्हणाले, "किती भरली ते जोरानं सांगजा. मले बी ऐकू येऊ द्या."

मग दिवसभर तेच. झोळी, काटा, आकडा मोठ्यानं, पिचकारी, पाठीवर निळीचा ठिपका. जीभ दाबू नका, मान फार वर करू नका, नाही तर औषध फुप्फुसात जाईल, असं वैदेही बजावत होती. माझ्याकडे ठिपक्याचं काम होतं. एक मेंढी माझ्या पायांमधून निसटली आणि मी काही पावलं तिच्या पाठीवर उलटी बसून गेले. या प्रवासातलं माझं ते एकमेव वाहन, ज्यात जागा लगेच मिळाली. मी पडल्यावर किसनभाऊंनी आधी मेंढी उचलली.

सगळ्यात शेवटी त्या चार राहिल्या. वैदेहीनं पहिलीचं वजन घेतलं, औषध भरलं आणि पिचकारी सुभद्राबाईंपुढे धरली.

"मी नाई," त्या मागे सरल्या.

"पाज," किसनभाऊ म्हणाले. त्यांनी मेंढीची मान मांडीवर घेतली. "मी धरतो. तवा बी मीच धरत होतो."

सुभद्राबाईंनी पातळी एकदा पाहिली, दोनदा पाहिली, वैदेहीला दाखवली, मलाही दाखवली.  मेंढी ओळखीच्या वासाकडे वळली आणि तिनं स्वतःच तोंड उघडलं. एक थेंब सांडला नाही.

पुणे

मंगळवारी मी निघाले. सुभद्राबाईंनी ओल्या तुरीच्या शेंगांचं पोतं दिलं. ते सूक्ष्मदर्शकापेक्षा जड होतं.

तीन आठवड्यांनी वैदेहीनं पुण्याला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर लेंड्यांच्या डब्या पाठवल्या. बारापैकी दहा काचा स्वच्छ होत्या. दोनमध्ये अजून थोडी अंडी होती. मी अहवाल लिहिला, चिठ्ठ्या तीनदा तपासल्या आणि या वेळी वैदेहीला किसनभाऊंचा फोन नंबर विचारून घेतला.

फोन सुभद्राबाईंनी उचलला. मागे मेंढ्यांचा आवाज होता.

"दोन अजून गेल्या, बाई. लय सुकल्या होत्या त्या. बाकीच्याईचं गयाखालचं पानी आटलं. चरून राह्यल्या."

"आणि त्या चार?"

"चांगल्या हायेत. डोये काई आले नाई."

"ते येणार नाहीत."

"मालूम हाये मले." त्यांनी मध्येच एका मेंढीला हाक मारली. "डॉक्टरीनबाई काटा ठेवून गेली आमच्याजोड. अडीच महिन्यानं पुन्यांदा पाजाची हाये म्हने. हे म्हनते, आपुनच पाजू."

"दोघंच? जमेल?"

"न जमाले काय झालं? ते मोजतीन, मी पाजीन."